जाताना एक तास दहा मिनिटं

४ फेब्रुवारी

भिंगरे,

घरात फोन असताना ताईला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं म्हणशील. फोन बैठकीत आहे आणि बैठकीत हे असतात, म्हणून पत्र. त्यातही गंमत बघ, हे पत्र टपालाच्या थैलीतून यांच्याच विमानानं तुझ्याकडे येणार. स्वतःविरुद्धची फिर्याद स्वतःच पोचवणारा माणूस तू पाहिला नसशील.

काम सांगते. तुमच्या विमानतळावर तिकीट फाडायला तू, सामान तोलायला तू आणि लाउडस्पीकरवर ओरडायलाही तूच. विमान कधी टेकलं, कधी उडालं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसणार. आमचं गाव ते तुमचं गाव सरळ रेषेत तीनशे दहा किलोमीटर. रस्त्यानं यायचं तर डोंगराला वळसा, मग नदीवर होडीची वाट बघत बसायचं, दोन दिवस जातात. विमानाला जाताना एक तास दहा मिनिटं लागतात. मग येताना दीड तास का लागतो? वाट तीच, विमान तेच, चालवणारा तोच. वरची वीस मिनिटं जातात कुठे?

हसू नकोस. ही वीस मिनिटं मला आधी कधी दिसली नव्हती. आता बरंच काही दिसायला लागलंय. आधी हे आठवड्यातून दोन रात्री तुमच्याकडे मुक्काम करायचे, आता चार. विचारलं तर म्हणतात, वेळापत्रक बदललं. घरी आले की माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. मी जरा सरकून नजरेसमोर गेले की नजर आणखी बाजूला. गेल्या महिन्यात मी केस खांद्यापर्यंत कापून आले. दोन दिवस यांना पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी हात लागला तेव्हा म्हणाले, "अगं, कापलेस वाटतं?" बारा वर्षांच्या संसारात ज्या माणसानं माझी नवी टिकली कधी चुकवली नाही, तो हा माणूस.

तिथे कोण आहे ते मला सांग. तुला माहीत नसेल तर शोधून काढ. तुमची ओळख माझ्याही आधीची. तू त्यांना अरे-तुरे करायचीस, मी सांगितल्यावर भावजी म्हणायला लागलीस. तेव्हा त्यांच्या मनातलं तुला थोडंफार कळत असेलच.

तुझी,
ताई


१० फेब्रुवारी

ताई,

तुझी वीस मिनिटं सापडली. वाऱ्यानं खाल्ली.

आपल्याकडे वर गेलं की वारा बहुतेक दिवस तुमच्याकडून आमच्याकडे वाहतो. येताना तो विमानाला पाठीत ढकलतो, परत जाताना तोंडावर बसतो. सायकल चालवलेल्या कुणालाही पटेल अशी गोष्ट आहे. कधी वारा पडला तर दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. तेव्हा त्या वीस मिनिटांत कुणी बाई बसवायची असेल तर ती आठ हजार फुटांवर बसवावी लागेल.

इथलं चित्र तुला डोळ्यांसमोर यावं म्हणून लिहिते. एक पत्र्याचा हॉल, चौदा खुर्च्या, त्यातल्या तीन मोडक्या. एक वजनकाटा. सामान तोलून झालं की मी माणसंही त्यावर उभी करते, कारण विमान इतकं लहान आहे की जाड्या माणसाला पुढे बसवायचं की मागे हे ठरवावं लागतं. धावपट्टीच्या कडेला कुंपण आहे आणि कुंपणाला कुत्र्यांच्या मापाचं भोक आहे. विमान यायच्या आधी हमाल शिट्टी घेऊन कुत्री हाकलतो. बस, एवढंच आमचं राज्य.

बायका म्हणशील तर तीनच. मी, झाडूवाली मावशी आणि कॅन्टीनवाल्याची सासू. यातली कोण संशयास्पद वाटते ते कळव, मी पाळत ठेवते.

भावजी विश्रामगृहाच्या दोन नंबरच्या खोलीत राहतात. दुपारचा चहा माझ्या केबिनमध्ये घेतात. तब्येतीनं बरे आहेत. वेळापत्रक खरंच बदललंय.

तुझे कापलेले केस मला बघायचेत. फोटो पाठव.

भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

तीन बायकांत पहिलं नाव तू स्वतःचं लिहिलंस. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

आमच्या शेजारच्या मास्तरीणबाई कसल्याशा शिबिरासाठी तुमच्या गावी आल्या होत्या. परवा जिन्यात भेटल्या. आधी हवेचं बोलल्या, मग शिबिराचं, आणि मग मान वेळावून म्हणाल्या, "तुमचे कॅप्टन दिसले हो बाजारात. सोबत कोणी बाई होत्या. रस्ता ओलांडत होते." मी म्हटलं, "मग?" म्हणाल्या, "काही नाही. त्या बाईंनी कॅप्टनांचा हात धरला होता. चांगला कोपराला घट्ट." मी विचारलं, "बाई कशी होती?" तर म्हणाल्या, "उंच. भरभर चालणारी. बोलताना दुसरा हात सारखा हलवत होती."

भिंगरी हे नाव तुला कुणी दिलं आणि का दिलं, ते मास्तरीणबाईंना माहीत नाही. मला माहीत आहे, मीच दिलं.

मी त्यांना चहाला बसवलं नाही. घरात येऊन मळलेली कणीक पुन्हा मळत बसले. माझा हात माझ्या नवऱ्यानं रस्त्यात कधी धरला नाही. मी धरायला गेले तर म्हणायचे, "अगं, लोक बघतात." तुमच्या गावात लोक नाहीत का?

तुझ्या पत्रात वाऱ्याबद्दल पानभर आहे आणि त्यांच्याबद्दल तीन ओळी. "तब्येतीनं बरे आहेत." ही काय भाषा झाली? दवाखान्यातल्या नर्सनं नातेवाइकाला सांगावं तसं. मी नातेवाईक आणि तू घरची, असं झालंय का?

मला सरळ उत्तर दे. हात कुणी धरला होता?

ताई


६ मार्च

ताई,

हात मीच धरला होता.

यापुढचं मला विचारू नकोस. त्यांना विचार. मी शब्द दिलाय आणि तो मोडायची माझी हिंमत नाही. पण तुझ्या मनात जे आहे ते खरं नाही, हे मी तुला कशाचीही शपथ घेऊन सांगेन.

पटत नसेल तर ये. दोन दिवसांची वाट नाही आता. एक तास दहा मिनिटांवर आहे मी. खिडकीतली सीट देते.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

तू बोलावलंस म्हणून मी आले नाही. पकडायला आले होते. खिडकीवर आपण समोरासमोर उभ्या होतो तेव्हा माझ्या तोंडून "परतीचं तिकीट दे" एवढंच निघालं. तू "ताई, आधी ऐक" म्हणालीस आणि मी पुन्हा म्हटलं, "तिकीट दे." त्यापलीकडे एक शब्द बोलले असते तर त्या हॉलमध्ये तमाशा झाला असता. म्हणून आता लिहिते. विमानात काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस.

तिकीट माहेरच्या आडनावानं काढलं. हे पहाटेच्या जीपनं पुढे गेले, मी मागून रिक्षानं. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, अगदी शेवटची सीट. माझी मलाच लाज वाटत होती, पण मागे फिरवेना. पुढचा पडदा उघडा होता. बघते तर चालकांच्या दोन्ही खुर्च्यांवर माणसं बसलेली, आणि दोघांपैकी एकाचीही मान माझ्या ओळखीची नाही. मला वाटलं, चुकीच्या विमानात बसले.

सगळ्यात शेवटी हे आले. घरून इस्त्रीचा गणवेश घालून निघालेला माणूस, वर करडा स्वेटर चढवलेला, खांद्यावरच्या पट्ट्या काढलेल्या. दारात हवाईसुंदरीनं हात पुढे केला आणि यांनी तो शोधून धरला. शोधून, भिंगरे. आधी हवेत, मग तिच्या मनगटावर. मग त्यांनी सगळ्या विमानावर नजर फिरवली. माझ्यावर आली. सरळ माझ्या तोंडावर थांबली. आणि ती नजर पुढे गेली. मी स्कार्फ उगाच बांधला होता. बांधला नसता तरी चाललं असतं.

पहिल्या सीटवर बसले. विमान पळायला लागलं तेव्हा यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो हळूहळू पुढे सरकत गेला, मूठ वळलेली, जणू काही ढकलतोय. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मूठ सैल झाली. त्यानंतर उतरेपर्यंत हात हलला नाही. मी ती मान बघत बसले. खाली नदी आली, डोंगर आला, माझ्या शेजारचा माणूस "बघा, बघा" म्हणत होता, मी काही बघितलं नाही.

उतरताना तू शिडीपाशी उभी होतीस. "तीन पायऱ्या, शेवटची उंच," म्हणालीस, आणि यांनी तुझ्याकडे न बघता कोपर पुढे केला. सवयीनं. किती दिवसांची सवय असेल ती? नंतर हॉलच्या काचेतून बघितलं, तू कागदावरचे आकडे वाचत होतीस, हे ऐकत होते, आणि तू काहीतरी म्हणालीस त्यावर हसले. घरी ते हसणं मी वर्षभर ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आले. जेवताना मला सांगितलं, "काल ढगात फार हादरे बसले, दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं." मी म्हटलं, "हो का?" आणि भाजी वाढली. मी अजून त्यांना काही बोललेले नाही.

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या, रडून मोकळी झाले असते. आता कुणाशी भांडू? तुला माहीत, हवाईसुंदरीला माहीत, कुत्री हाकलणाऱ्या हमालालाही माहीत असणार. कंपनीच्या जीपवाल्याला माहीत. निघायच्या दिवशी सकाळी दार उघडून "या कॅप्टनसाहेब" म्हणतो तो. एक मलाच माहीत नाही, कारण मी बायको.

काय झालंय त्यांना? केव्हापासून? आणि त्यांनी तुला कसं सांगितलं? हे शेवटचं नीट लिही. बसले होते की उभे? रडले का?

ताई


२९ मार्च

ताई,

मी दिलेला शब्द तूच सगळं बघून मोडलास, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. विमान उभं होतं, निघायला वेळ होता. भावजी केबिनमध्ये आले आणि हवामानाचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "जरा वाच बरं, चष्मा विसरलोय." ते चष्मा वापरत नाहीत हे मला माहीत होतं. मी वाचलं. त्यांनी ऐकलं, आणि उठायच्या ऐवजी बसून राहिले. मग म्हणाले, "भिंगरे, मधलं पुसलं जातंय." मला कळेना. म्हणाले, "कडा दिसतात. भिंत दिसते, भिंतीवरच्या घड्याळाची चौकट दिसते. काटे दिसत नाहीत." त्यांनी त्याच वेळी सोबतच्या दुसऱ्या चालकाला बोलावून विमान सोपवलं आणि स्वतः मागे बसून परत गेले. त्यानंतर एकदाही विमानाला हात लावलेला नाही. पुढच्या आठवड्यात वैद्यकीय तपासणीत नापास झाले. डॉक्टर म्हणाले, पूर्ण अंधार होणार नाही, पण मधला डाग जाणारही नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. बसला होता. रडला. टेबलावर डोकं ठेवून, आवाज न करता. मी खिडकीवर "बंद" ची पाटी लावली. बाहेर सात-आठ माणसं ताटकळत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, ठेवावासा वाटला तरी. पाणी आणून ठेवलं. तो म्हणाला, "हिला सांगू नकोस. ती माझ्याशी नाही, त्या खांद्यावरच्या पट्ट्यांशी लग्न केल्यासारखी मिरवते. मला एवढ्यात तिच्या नजरेतून उतरायचं नाही." मी म्हटलं, ताई अशी नाही. तो म्हणाला, "तुला काय माहीत?" आणि मला खरंच माहीत नव्हतं.

कंपनीनं त्यांना इथे जमिनीवरचं काम दिलं. येणाऱ्या विमानाला रेडिओवरून वारा, ढग, धावपट्टी सगळं सांगायचं. आकडे मी वाचते, काय करायचं ते ते ठरवतात. मागच्या महिन्यात एका विमानाला त्यांनी डोंगर ओलांडू न देता परत पाठवलं. त्या विमानाची वाट बघणाऱ्या इथल्या प्रवाशांनी माझ्या खिडकीवर येऊन शिव्या घातल्या. अर्ध्या तासात असं वादळ आलं की आमच्या हॉलचा पत्रा उडाला. शिव्या घालणारे सगळे मग त्याच हॉलमध्ये एकमेकांना धरून बसले होते.

ताई, ते तुझी नजर चुकवत नाहीत. सरळ तुझ्याकडे बघितलं की तुझा चेहरा त्या डागाखाली जातो. कानाकडे बघितलं की कडेनं तू दिसतेस. तुला बघायचं असतं म्हणूनच ते बाजूला बघतात.

आणि एक. तुला विचारायचं होतं ते तू विचारलं नाहीस. मी सांगते. त्यांच्याकडून कधी काही झालं नाही, वावगा शब्दही नाही. माझं मात्र असं झालं की रोज सकाळी विमानाचा आवाज आला की मी केस सारखे करायला लागले. ज्याला माझा चेहरा दिसत नाही त्याच्यासाठी. तुझी संशयाची पत्रं यायची तेव्हा मला वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याखाली बरंही वाटायचं. घर तुझं, माणूस तुझा, पण ही एक गोष्ट माझ्याकडे होती आणि तुझ्याकडे नव्हती. तुझ्या लग्नापासून मी तुझ्याकडे बघत आले. एकदा तू माझ्याकडे बघितलंस.

तू त्या दिवशी तिकीट घेऊन गेलीस, त्यानंतर त्यांनी आतून विचारलं, "कोण होतं गं?" मी म्हटलं, "एक पॅसेंजर." ते म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटला."

त्यांना सांग आता. तुला वाटतंय त्यापेक्षा त्यांना जास्त ऐकू येतं.

भिंगरी


१८ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र मी तीन वेळा फाडायला घेतलं आणि तीन वेळा घडी घालून ठेवलं. एका परिच्छेदात भावजींचे "तो" झालेत. तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल. माझ्या आलं.

सांगितलं त्यांना. ठरवून नाही. सकाळी ते आरशासमोर उभे राहून शर्टाची बटणं लावत होते. आरशात काही दिसत नसताना माणूस आरशासमोर का उभा राहतो, या विचारानं मला आवरेना. मी म्हटलं, "ते पट्ट्यांचं राहू द्या. विमानतळावर काढायच्याच असतात तर घरून कशाला लावायच्या?"

त्यांचे हात बटणावरच थांबले. म्हणाले, "भिंगरीनं सांगितलं?"

"नाही. मीच बघितलं. शेवटच्या सीटवर होते मी."

उरलेली बटणं लावली. मग म्हणाले, "तिकीट मागणारी तूच होतीस." मी हो म्हटलं. म्हणाले, "मला वाटलंच होतं. पण वाटलं, ती असती तर भांडली असती."

मग मी भांडले, भिंगरे. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. सगळ्या जगाला सांगितलंत आणि मला नाही, इतकी का मी परकी, इतकी का मी उथळ, असं सगळं. जीपवाला खाली हॉर्न वाजवत होता. ते खाटेवर बसून ऐकत होते, माझ्या कानाकडे बघत. मी बोलता बोलता थांबले, कारण पहिल्यांदा मला कळत होतं की ते मला बघतायत. म्हणाले, "तू मला बाहेर सगळ्यांना दाखवायचीस ना, ते मला आवडायचं. मग दाखवायला काही उरलं नाही." मी मिरवत होते हे खरंच आहे. मी म्हटलं, "जीपवाल्याला सांगून येते, आज साहेब येणार नाहीत."

आठ दिवस घरी होते. मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तू लिहिलंस तेच ते म्हणाले. मग मी इथल्या विमानतळाच्या व्यवस्थापकाकडे गेले, यांना न विचारता. म्हटलं, तेच काम इथे द्या, घरून दहा मिनिटांवर. तो बिचारा भला माणूस आहे. म्हणाला, "बाई, इथे मनोरा आहे, यंत्रं आहेत, सहा माणसं आहेत. तिथे काही नाही. तिथे साहेब आहेत म्हणून आमचे वैमानिक तो डोंगर ओलांडतात." मी घरी आले आणि हे यांना सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, जागा नाही म्हणून. फार वाटलं सांगावं. नाही सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तुझा राग आला. खरंच सांगते, त्या क्षणी त्यांचा नाही, तुझाच आला.

तेव्हा येतायत ते. सोमवार ते गुरुवार तुमच्याकडे, बाकी माझ्याकडे. काल मी स्वतः त्यांना विमानापर्यंत सोडायला गेले. त्यांनी साधा निळा शर्ट घातला होता. सगळ्या लोकांसमोर मी त्यांचा कोपर धरला आणि शिडीपर्यंत नेलं. कोणी बघत असेल तर बघो. हवाईसुंदरीनं हात पुढे केला तेव्हा मी लगेच सोडला नाही. तिला जरा थांबावं लागलं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तू विमानाचा आवाज आला की केस सारखे करतेस हे मी विसरणार नाही, आणि तू ते मला लिहिलंस हेही विसरणार नाही. इतक्यात तू घरी येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये, आणि मी बोलावीन.

तोवर एक काम कर. दुपारी दोनच्या सुमारास त्यांचं डोकं दुखायला लागतं. सांगत नाहीत, नुसती कपाळावरून बोटं फिरवतात. तेव्हा आधी खिडकीचा पडदा ओढ आणि कोमट पाणी समोर ठेव. "देऊ का?" म्हणून विचारू नकोस, विचारलं की नको म्हणतात. नुसतं ठेव आणि तिथून उठून जा, मग पितात. हे तुला अजून माहीत नसेल.

ताई